मधी कुठी?

माझ्या घरमालकांशी बोलायचं तर वाकावं लागे. मी दोनदा वाकत असे. एकदा भाडेकरू म्हणून, आणि एकदा खिडकी खाली होती म्हणून.

खिडकी म्हणजे प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये पाडलेलं अर्धगोल भोक. चंद्रपुरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली मी ट्रॅव्हल्सच्या दुकानासाठी घेतली, तेव्हा त्यांची एकच अट होती. मधल्या पार्टिशनला ही खिडकी राहील आणि तिच्यामागे ते बसतील. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला वर्दळ बघायची हौस असेल. महिनाभरात कळलं, की त्यांना वर्दळ बघायची नव्हती, अडवायची होती.

बल्लारशा जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीत भाऊंनी, म्हणजे माझ्या घरमालकांनी, सगळी नोकरी काढली होती. रिटायर झाले, पण खिडकी काही सुटली नाही. शेजारचं दार सताड उघडं असायचं. त्या दारातून कोणी काही विचारलं, तर भाऊ ऐकूच न आल्यासारखे कागद चाळत बसत. तोच माणूस खिडकीशी येऊन वाकला, की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कुठून? कुठपर्यंत? मधी कुठी?"

हे तीन प्रश्न त्यांनी कोणाला सोडले नाहीत. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला, वर्गणीवाल्यांना, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, सगळ्यांना. काकू तेवढ्या खिडकी मानत नसत. चहाचा कप घेऊन सरळ दारातून आत जात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "मले पाहाले आले तवा बी हेच विचारलं होतं यायनं. मी म्हटलं, मधी कुठीच नाई, सरळ तुमच्याच घरी."

भाऊंचं म्हणणं असं, की निघणं कोणालाही जमतं आणि पोचणंही जमतं. "माणूस हरवते थो मधातच," ते म्हणत. एकदा एक तरणा शिक्षक एटापल्लीच्या बदलीचा कागद घेऊन आमच्या दुकानी आला. पहिलीच नोकरी, डोळ्यांत पाणी. मी त्याला बसचं तिकीट आणि थोडा धीर असं दोन्ही देत होतो. भाऊंनी त्याला खिडकीशी बोलावलं आणि जंगल, अस्वल, मलेरिया यांतलं एक अक्षर न काढता सांगितलं, "एटापल्ली काई कठीण नाई. कठीण हाये आलापल्ली. तिथी बस बदलाची हाये. उतरला का पानठेल्यावर जायचं नाई. पान लावून होत नाई तवरिक बस सुटते." दोन वर्षांनी तो शिक्षक बायकोला घेऊन पाया पडायला आला. पहिल्याच दिवशी त्यानं आलापल्लीला पान खाल्लं होतं आणि रात्र एस.टी.च्या बाकावर काढली होती.

आता अशा माणसाच्या घरात मी विमानाची तिकिटं विकायला लागलो, हा माझ्या आयुष्यातला पहिला मूर्खपणा. बाकीचे पुढे येतीलच.

नव्वदच्या दशकाचा शेवट आला, तशी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या इंजिनिअरांची पोरं भराभर अमेरिकेला जाऊ लागली. त्यांच्यामागून नातवंडं बघायला आईबाप निघाले. मी नागपूरच्या एका एजंटाकडून तिकिटं आणून विकत असे. भाऊंनी तोवर विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून, पापड वाळवताना. पण विमानंही परक्या देशात बदलावी लागतात, आणि काही देश नुसतं बदलणाऱ्या माणसाकडूनही वेगळा व्हिसा मागतात, हे त्यांना कळलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट," ते म्हणाले. "गावात जायचं नाई, नुसतं फलाटावर उभं राहाचं, तरी तिकीट पायजे."

त्या दिवसापासून भाऊंच्या घरात जग शिरलं. नागपूरचा एजंट प्रवासाच्या नियमांची जाडजूड पुस्तकं जुनी झाली की रद्दीत टाकत असे. भाऊंनी ती माझ्याकरवी मागवून घेतली. वकिलातींना पत्रं लिहायला लागले. त्यांचं इंग्रजी रेल्वेचं होतं. 'कृपया कळवावे की आपल्या जंक्शनवर उतारूस किती वेळ थांबण्याची मुभा आहे.' वकिलातीही बिचाऱ्या छापील फॉर्म पाठवत. भाऊ ते फॉर्म खळ लावून वहीत चिकटवत, वहीला नाडा बांधत आणि नाड्याला देशाच्या नावाचं पुठ्ठ्याचं चिटोरं. नियम बदलला, की जुन्या फॉर्मवर तिरकी लाल रेघ. त्यांच्या खाटेखाली अख्खा युरोप होता आणि काकू झाडू मारताना त्याला शिव्या देत.

इथपर्यंत ठीक होतं. पण ऊर्जानगरचे एक साहेब आईवडिलांचं तिकीट काढायला आले असताना भाऊंनी त्यांना चाळीस मिनिटं खिडकीशी वाकवून ठेवलं. मधी कुठी? तिथी किती तास? सामान कोण उचलते? एका विमानतळावरून दुसऱ्यावर तर जायचं नाई ना? साहेब कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि तिकीट नागपूरहून काढलं. मी त्या रात्री काकूंपाशी कुरकुर केली. पुढे मी युक्ती काढली. विमानाचं गिऱ्हाईक आलं, की त्याला शेजारच्या हॉटेलात चहाला नेऊन तिथंच फॉर्म भरायचा. स्वतःच्या दुकानातून गिऱ्हाईक पळवणारा मी चंद्रपुरातला एकटाच दुकानदार असेन.

आणि खरं सांगतो, मला नियमही पाठ झाले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी सातआठ म्हातारे-म्हाताऱ्या जर्मनीत विमान बदलून अमेरिकेला पाठवले होते. कोणालाही कोणी अडवलं नव्हतं. त्यावरून मी सिद्धांत काढला, की विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसेल तर व्हिसाबिसा काही लागत नाही.

त्यातच पार्बताबाई आल्या.

मूल या तालुक्याच्या गावापलीकडे तलावाकाठचं त्यांचं गाव. घर ढिवराचं. नवरा तलावात जाळं टाकायचा, बाई बाजारात मासळी विकायच्या. त्यावर त्यांनी एकुलती पोरगी नर्सिंगला घातली होती. पोरगी नागपूर, मुंबई करत आयर्लंडला पोचली, तिथल्या दवाखान्यात लागली. आता तिचं पहिलंच बाळंतपण होतं. जावयाची नोकरी नवी, सुट्टी नाही. दिवसभर पोरगी घरात एकटी. पार्बताबाईंचा आयर्लंडचा व्हिसा झाला होता, तिकीट तेवढं हवं होतं.

भाऊ त्या दिवशी चिमूरला लग्नाला गेले होते. मला शेजारच्या हॉटेलातही जावं लागलं नाही. जर्मनीत विमान बदलून जाणारं स्वस्तातलं तिकीट मी तिथल्या तिथं काढून दिलं. बाईंनी विचारलं, "मधात काई लागत तर नाई ना भाऊ?" मी हसून म्हणालो, "मावशी, पाय ठेवायचा नाही तर पायपुसणं कशाला लागतं?" वाक्य मला फार आवडलं. आठवडाभर मी ते दोघातिघांना ऐकवलं.

दहा दिवसांनी पार्बताबाई दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी सूटकेस, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि वाळलेल्या झिंग्यांचं एक गाठोडं. त्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं त्यांना परत पाठवलं होतं. जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा नाही, बसता येणार नाही.

त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी एकटी हाये तिथी. बारा दिवस राह्यले."

आतून आवाज आला, "बाईले इकडे पाठव."

पार्बताबाई खिडकीशी वाकल्या. भाऊंनी तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, खाटेखालून जर्मनीची वही काढली. मग मला बोलावलं. मीही बाईंच्या शेजारी वाकलो. परीक्षेत कॉपी करताना सापडलेली दोन पोरं दिसावीत, तसे आम्ही दिसत असू.

"काहो एजंटसाहेब, तुमचे ते सातआठ म्हातारे कुठी चालले होते?"

"अमेरिकेला."

"त्यायच्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा होता. अमेरिकेचा ठप्पा असला का जर्मनीवाला फलाटाचं तिकीट मागत नाई. हिच्यापाशी आयर्लंडचा हाये. आयर्लंडच्या ठप्प्याले थो काऊन सोडन?"

मग पार्बताबाईंकडे वळून त्यांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं. दुसऱ्याच्या भाताच्या बांधीतून जायचं नाही, नुसतं धुऱ्यावरून, कडेच्या बांधावरून, आपल्या शेतात जायचं आहे, धानाला पाय लावायचा नाही. तरी धुरेवाल्याला विचारावं लागतं का नाही? पाटलाची चिठ्ठी असली, की तो काही बोलत नाही. नसली, की काठी घेऊन उभा राहतो. बाईंना ते लगेच कळलं. मला सातआठ तिकिटं विकूनही कळलं नव्हतं.

जर्मनीचा तो व्हिसा काढायला वेळ नव्हता. भाऊंनी संध्याकाळपर्यंत खाटेखालचा सगळा युरोप बाहेर काढला आणि ॲमस्टरडॅमवर बोट ठेवलं. तिथला धुरेवाला आपल्या माणसाला अडवत नव्हता, विमानतळातल्या विमानतळात गाडी बदलायची मुभा होती. ते तिकीट फिरवून घेण्यात माझी नवी मोटारसायकल गेली. त्याबद्दल मला बोलायचं नाही.

बाई गेल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. शिव्या खायच्या तयारीनं वाकलोही. भाऊ वह्यांचे नाडे बांधत होते.

"माह्या हातून बी झालं होतं," ते म्हणाले. "नवीन होतो. एका बाईले दोन नंबरचा फलाट सांगितला. थिची माय गेली होती, मातीले जायचं होतं. मांगून गाडी चारवर घेतली. मले चिठ्ठी आली, पण मी जेवाले बसलो होतो. थे बाई दोनवरच बसून राह्यली. डोळ्यादेखत गाडी गेली." त्यांनी शेवटची गाठ मारली. "मी सांगितलं होतं म्हणून हलली नाई थे. भरोसा ठेवला ना."



दोन दिवसांनी भाऊ मला म्हणाले, चल. खिडकी सोडून ते कुठं जात नसत, म्हणून मी घाबरतच निघालो. एस.टी.नं आम्ही पार्बताबाईंच्या गावी गेलो. भाऊंच्या पिशवीत पुठ्ठे, सुतळी आणि गार्डाची जुनी शिट्टी होती.

गावच्या तलावाची पाळ लांबलचक. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चिखलानं भरलेल्या धानाच्या बांध्या. भाऊंनी पाळीलाच विमानतळ केलं. या टोकाला मुंबईचं विमान उतरलं, मधे मोहाचं झाड, लांब त्या टोकाला चिंच. मोहाच्या खोडाला त्यांनी पुठ्ठा बांधला, त्यावर आयर्लंडच्या विमानाचा नंबर. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बाजारात जाऊन एस.टी.च्या पाट्या आणि वजनाचे आकडे त्यांना ओळखू येत. दोन अक्षरं आणि तीन आकडे त्यांनी जाळ्याची गाठ पाहावी तसे पाहून घेतले. गळ्यात भाऊंनी एक पुठ्ठा अडकवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'मी इथे आलेली नाही, इथून चालले आहे. कृपया माझे विमान दाखवावे.'

मला त्यांनी तिथला साहेब केलं. सगळं गाव पाळीवर जमलं होतं. पार्बताबाई सूटकेस घेऊन आल्या. मी छाती काढून आडवा आलो आणि दरडावलं, "इथं कशाला आलात?"

"मी इथी आली नाई," बाई म्हणाल्या. "इथून जाऊन राह्यली."

उत्तर इतकं ठणठणीत आलं, की मी दचकून एक पाऊल मागं घेतलं. मागं पाळ नव्हती. मी कमरेपर्यंत बांधीत. वरून पार्बताबाईंचा नवरा शांतपणे म्हणाला, "साहेबच पडला ना गा बिना व्हिसाचा." गाव हसून लोळलं. मला वर काढायला जो पोट्टा आला, तोही हसून हसून परत खाली बसला.

मी चिखल पुसत होतो, तेवढ्यात भाऊंनी कोणाच्या नकळत मोहाचा पुठ्ठा सोडला आणि चिंचेला नेऊन बांधला. पार्बताबाई मोहाखाली निवांत बसल्या होत्या, बायकांशी लाडवांच्या डिंकाबद्दल बोलत. पंधरा मिनिटं झाली. भाऊंनी शिट्टी फुंकली.

"गेलं विमान."

"गेलं कसं? मी इथीच तं बसून हावो," बाई उठल्या. मग खोडाकडे पाहिलं आणि खरंच चिडल्या. "तुमीच म्हटलं ना बाबूजी, मोहाखाली बस."

"मी म्हटलं. म्हणून का तू पाह्यचं सोडशील? माह्या सांगण्यावर बसू नको. घडीघडी नंबर पाह्य. झाड बदलते."

इथं मला गप्प राहवलं नाही. कमरेपर्यंत ॲमस्टरडॅमचा चिखल लागलेला असूनही मी शहाणपणा केलाच. "भाऊ, ते विमानतळ आहे, आपलं बल्लारशा नाही. तिथं अशी झाडं बदलत नाहीत. उगाच बाईंच्या डोक्याला ताप."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "परत," ते म्हणाले.

त्या दुपारी पार्बताबाईंची चार विमानं गेली. पाचव्या वेळी त्या बोलता बोलता उठल्या, खोडाकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं, लुगडं खोचलं आणि सूटकेस डोक्यावर घेऊन पाळीवरून अशा पळाल्या, की शिट्टी भाऊंच्या तोंडातच राहिली.

दिवस राहिले होते पाच. बाई निघाल्या. मुंबईच्या काउंटरवरून या वेळी परतल्या नाहीत, एवढं दुसऱ्या सकाळी कळलं. मग दोन दिवस काहीच नाही. आयर्लंडला फोन लावला तर कोणी उचलत नव्हतं. काकूंनी पोथी काढली. मी दुकानात येऊन उगाच टाइमटेबलं लावत बसे. भाऊ ॲमस्टरडॅमची वही उघडून पुन्हा पुन्हा तेच पान वाचत. नियम बरोबर होता. बरोबर असला तरी ते वाचत होते.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मी उचलला. तलावाच्या पलीकडच्या काठावर हाक मारावी, तसा आवाज आला.

"एजंटभाऊ हो का? बाबूजीले सांगा, झाड बदललं होतं."

"मावशी, पोचल्या का? पोरगी कशी आहे?"

"थे मांगून सांगतो. आधी त्यायले सांगा."

मी फोन हातात धरून वाकलो आणि खिडकीतून म्हणालो, "भाऊ, पार्बताबाई. झाड बदललं होतं म्हणतात."

भाऊंनी चष्मा काढला. त्यांना फोन हवा होता, पण वायर खिडकीपर्यंत पुरेना. मग त्या घरात दुकान थाटल्यापासून मी जे पाहिलं नव्हतं ते झालं. ते उठले आणि दारातून माझ्या बाजूला आले. रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीनं पहिलं जे तोंडी आलं ते विचारलं.

"कुठून?"

बाईंचा आवाज आम्हां सगळ्यांना ऐकू येत होता. पुठ्ठा वाचून एक गोरी पोरगी त्यांना एका दाराशी बसवून गेली होती. बसा म्हणाली, इथूनच जाईल. बाई बसल्या, पण घडीघडी उठून नंबर बघत राहिल्या. तिसऱ्यांदा पाहिलं तर आपला नंबर नव्हता. मग पळाल्या. दुसरं दार पाळीपेक्षा लांब होतं. "दरवाजा लावूनच राह्यले होते बाबूजी. पाय अडवला मी." ज्या रात्री पोचल्या त्याच रात्री पोरीला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून फोनला उशीर. नात झाली होती. जावई रडत होता, पोरगी बरी होती, लाडू पोचले होते. झिंगे मात्र विमानतळावरच्या साहेबानं ठेवून घेतले.

"आता?" भाऊंनी विचारलं. "मधी कुठी?"

"आता मधी कुठीच नाई, बाबूजी. पोचली मी."

भाऊंनी रिसीव्हर ठेवला. काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भाऊ परत आत जायला निघाले आणि मधेच थांबले. इकडच्या बाजूनं खिडकीशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिले.

"लोकायले एवढं वाकावं लागते काय गा?" त्यांनी मला विचारलं. "सांगितलं नाई तू कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावला, खालचं भोक बुजवलं आणि खिडकी हातभर वर घेतली. स्वतःसाठी उंच स्टूल करून घेतलं. सुतारानं उंचीचा हिशोब जरा जास्तच केला. त्यानंतर माझ्या गिऱ्हाइकांना टाचा उंचावून, मान वर करून सांगावं लागे, कुठून, कुठपर्यंत आणि मधी कुठी. चहाला शेजारच्या हॉटेलात मी कोणालाही नेलं नाही.

वाकणं आता एकदाच उरलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, भाडेकरू म्हणून.